आख्यान दुःशासनवधावरच का संपते?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कार्तिक लागला की आपल्याकडे गोव्यात जत्रा, काले (दहीहंडी फोडून संपणारे दशावतारी खेळ) आणि उत्सवी नाटके यांचा हंगाम सुरू होतो आणि पेडण्यापासून काणकोणापर्यंत देवळांच्या प्रांगणांत रात्ररात्र महाभारतातील कथा रंगतात. या प्रयोगांविषयी आपल्या दैनिकात कौतुकाने बरेच छापून येते आणि ते योग्यच आहे. हौशी कलाकार पदरमोड करून, दिवसा नोकरी आणि रात्री तालीम असे करून ही परंपरा टिकवून आहेत. मला तक्रार करायची आहे ती त्यांच्या, आणि खरे तर आपल्या सर्वांच्या, एका सवयीविषयी. सूडाची कथा आपण सूड पुरा झाला की संपवतो. ज्या ग्रंथांतून या कथा घेतलेल्या असतात, ते ग्रंथ मात्र तेथे संपत नाहीत. त्यांतील सर्वांत मोलाचा भाग बहुधा तेथूनच सुरू होतो.

यंदा आमच्या भागातील एका जत्रेत पहाटेच्या सुमारास पाहिलेला प्रवेश सांगतो. भीम झालेल्या नटाने दुःशासनाला आडवे पाडले, शेल्यात दडवलेली लाल रंगाची पिशवी फोडली, ओंजळ तोंडाला लावली आणि हनुवटीवरून ओघळणारा रंग सर्वांना दिसावा म्हणून तो मुद्दाम पुढे, दिव्याच्या उजेडात येऊन उभा राहिला. पखवाज टिपेला पोहोचला, द्रौपदीने मोकळे केस पुढे केले, शिट्ट्या पडल्या, मागे डुलक्या घेणारी मंडळीही ताठ बसली आणि लगेच दहीहंडीची तयारी सुरू झाली. अभिनय उत्तम होता, यात वाद नाही. (रक्ताळलेल्या हातांनी द्रौपदीची वेणी बांधण्याचा प्रसंग व्यासांचा नव्हे, तो पुढच्या परंपरेतला आहे. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकाने तो अजरामर केला, पण ते असो.) माझा प्रश्न एवढाच आहे की, त्या ओंजळीविषयी खुद्द भीमाला पुढे काय म्हणावे लागले, हे त्या प्रांगणात बसलेल्या किती जणांना ठाऊक होते?

स्त्रीपर्वात, म्हणजे युद्ध संपल्यावर, हाच भीम गांधारीसमोर उभा आहे. शंभर मुलगे गमावलेली ती आई त्याला दोन गोष्टींचा जाब विचारते. पहिली म्हणजे गदायुद्धात दुर्योधनाच्या मांडीवर केलेला प्रहार, आणि दुसरी म्हणजे दुःशासनाचे रक्त पिणे. पहिल्या प्रश्नावर भीम सरळ सांगतो की, धर्म असो वा अधर्म, जीव वाचवण्यासाठी भीतीपोटी मी ते केले, मला क्षमा कर. दुसऱ्या प्रश्नावर मात्र त्याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. तो म्हणतो की, ते रक्त माझ्या दातांच्या आणि ओठांच्या आत गेलेच नाही, यमधर्म याला साक्षी आहे, माझे हात तेवढे रक्ताने माखले होते. भर सभेत केलेली प्रतिज्ञा मोडली असती तर क्षात्रधर्मातून कायमचा ढळलो असतो, अशी पुस्तीही तो जोडतो. ज्या कृत्यासाठी त्याने तेरा वर्षे वाट पाहिली, रणांगणावर सर्वांना ओरडून सांगत जे केले, त्याच कृत्याचा घोट त्याला आता ओठांच्या बाहेर थांबवावा लागतो. आपल्या रंगभूमीवरचा भीम ज्या ओघळासाठी दिव्याखाली येतो, तोच ओघळ पुसण्याची व्यासांच्या भीमाची ही धडपड आहे. एवढे मोठे नाटक आपल्या हाताशी असताना आपण त्याच्या आधीच आरतीला उभे राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यावर गांधारी त्याला अत्यंत साधा प्रश्न विचारते. शंभरांपैकी ज्याने तुमचा अपराध थोडा केला असेल असा एखादा तरी मुलगा आम्हा दोघा आंधळ्यांची काठी म्हणून का मागे ठेवला नाहीस? भीमापाशी याला उत्तर नाही, आणि ग्रंथातही त्याच्या तोंडी ते घातलेले नाही. मग ती विचारते, तो राजा युधिष्ठिर कुठे आहे? हात जोडून, थरथरत धर्मराज पुढे येतो. ‘तुझ्या मुलांना मारणारा क्रूर युधिष्ठिर तो मीच, मला शाप दे, मी त्यालाच पात्र आहे,’ अशा अर्थाचे तो बोलतो. ओठ आणि दात यांच्यातले अंतर तो मोजत बसत नाही. आपण प्रत्यक्ष कोणाकोणाला मारले, कोणाला भीमाने मारले, कोणाला अर्जुनाने, असा हिशेबही मांडत नाही. गांधारी काहीच बोलत नाही. पाया पडण्यासाठी वाकलेल्या युधिष्ठिराच्या बोटांच्या टोकांवर पट्टीच्या कडेतून तिची नजर पडते आणि त्याची सुंदर नखे विद्रूप होतात. हे पाहून गांडीवधारी अर्जुन हळूच श्रीकृष्णाच्या पाठीमागे सरकतो. हे शेवटचे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. कौरवांच्या अकरा अक्षौहिणींपुढे न डगमगलेला पुरुष एका डोळे बांधलेल्या म्हातारीच्या नजरेला भिऊन आडोसा शोधतो. कोणत्याही नटाने आयुष्यात एकदा तरी करावा असा हा मूक अभिनय आहे.

महाभारताची अठरा पर्वे आहेत आणि दुर्योधन नवव्या पर्वात पडतो, ही साधी मोजणीही आपण लक्षात घेत नाही. म्हणजे सूडाचा जो कळस आपण मानतो त्याच्यानंतर आणखी निम्मी पर्वे शिल्लक असतात, आणि त्यांतच सर्वांत मोठे असलेले शांतिपर्व येते. त्याची सुरुवातच विजयी राजाच्या विव्हळण्याने होते. नारदमुनी विचारपूस करतात तेव्हा युधिष्ठिर म्हणतो, ‘जयोऽयमजयाकारो भगवन् प्रतिभाति मे’, हा जय मला पराजयासारखा भासतो. त्याला खाणारी गोष्ट कर्णाची आहे. कर्ण हा आपला थोरला भाऊ होता हे कुंतीने तर्पणाच्या वेळी सांगितले, म्हणजे अगदी उशिरा. आता त्याला आठवते की द्यूतसभेत कर्ण वाटेल तसे बोलत असताना आपला राग त्याच्या पायांकडे पाहून निवला होता, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसत होते. त्या साम्याचे कारण त्याने शोधले, पण त्याला ते सापडले नाही. अपराधी मनाचे इतके नेमके चित्र मला अन्यत्र क्वचितच आढळले आहे. खुणेची गोष्ट डोळ्यांपुढे होती, आपण पाहिली होती आणि तरीही आपण तिच्यापर्यंत पोहोचलो नाही, ही टोचणी सरळसरळ केलेल्या पापापेक्षाही खोल जाते. अर्थात धर्मराजही याच दुःखाच्या भरात घसरतो. कुंतीने गुपित राखले म्हणून तो समस्त स्त्रियांना शाप देतो की त्यांच्या पोटात यापुढे गुपित राहणार नाही. स्वतःच्या दुःखाचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकण्याचा मोह त्यालाही सुटला नाही. व्यासांनी तेही झाकून ठेवले नाही, म्हणूनच त्यांचा धर्मराज विश्वासार्ह वाटतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भरसभेत जिची विटंबना झाली त्या द्रौपदीने काय सारे विसरून जायचे होते? मुळीच नाही. मी क्षमेचा उपदेश करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. पांडव पाच गावांवर समाधान मानायला तयार होते आणि दुर्योधनाने सुईच्या अग्रावर मावेल एवढी मातीही नाकारली; त्यानंतरचे युद्ध अटळच होते. पण त्याच द्रौपदीचे पुढे काय होते ते पाहावे. झोपलेल्या तिच्या पाचही मुलांना अश्वत्थाम्याने मारल्यावर ती प्रायोपवेशनाला, म्हणजे मरेपर्यंत अन्नत्याग करून, बसते, आणि त्याला मारून त्याच्या मस्तकावरचा मणी आणून दाखवाल तरच उठेन, असे म्हणते. मणी आणला जातो, अश्वत्थामा जिवंत राहतो, आणि गुरुपुत्र म्हणून ती तेवढ्यावर थांबते. भागवताच्या पहिल्या स्कंधात तर ती याहून पुढे जाते. जनावरासारखा बांधून आणलेला अश्वत्थामा समोर पाहून ती म्हणते, याला सोडा. मुले गेल्यामुळे मी जशी रडते आहे तशी याची आई कृपी रडू नये. भीम तेथेही मारायला उठतोच. मुलांचे रक्त वाळलेले नसताना तिला शत्रूच्या आईचे डोळे दिसतात. आपल्या आख्यानांतील द्रौपदीला आपण केस मोकळे सोडून उभी करतो, आणि तिला बोलण्यासाठी हे वाक्य मात्र ठेवत नाही.

अश्वत्थाम्याचे काय होते ते आपण जाणतो, निदान ऐकीव तरी जाणतो. तेल मागत फिरणारा, भळभळत्या जखमेचा अश्वत्थामा आपल्या लोककथांत आहेच. पण सौप्तिकपर्वातील ती रात्र फार थोड्यांनी वाचलेली असते. वडाच्या झाडावर कावळे निर्धास्त झोपले आहेत, एक घुबड येते आणि झोपेतच त्यांचा संहार करते. ते पाहून अश्वत्थाम्याला युक्ती सुचते. ब्राह्मणाचा मुलगा, द्रोणाचार्यांचा शिष्य, आणि शेवटी गुरू करतो तो घुबडाला. कृपाचार्य त्याला परोपरीने विनवतात की आज झोप, उद्या धृतराष्ट्राला, गांधारीला, विदुराला विचारू आणि मग ठरवू. त्याचे उत्तर असे की, दुःखाने पिडलेल्याला आणि संतापलेल्याला झोप कशी लागणार? सूडाला विचारविनिमयाची सर्वांत जास्त भीती वाटते हे यातून दिसते. वास्तविक त्याचे दुःख खोटे नव्हते. ‘अश्वत्थामा मेला’ या अर्धसत्यानेच त्याच्या बापाला शस्त्र खाली ठेवायला लावले होते, आणि ते अर्धसत्य उच्चारल्याबरोबर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला होता. अन्याय दोन्हीकडे आहे. असे असताना प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सोपे जावे म्हणून एकीकडचा अन्याय गाळून टाकणे ही कलेशी केलेली प्रतारणा आहे.

येथे कोणी ‘कीचकवधा’चा दाखला देईल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ते नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले, प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. भीमाच्या हातून कीचक मेल्यावर तेथे वाजणाऱ्या टाळ्यांचा अर्थ वेगळा होता. ज्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते अशा पारतंत्र्यातील लोकांच्या त्या टाळ्या होत्या. गोव्यातही १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पौराणिक कथेच्या आडून बरेच काही बोलले जात असणार. पण आज आपल्याला आडपडद्याची गरज उरलेली नाही, आणि वधावर पडदा पाडण्याची ती जुनी रीत मात्र आपण तशीच चालू ठेवली आहे.

सूड आणि अपराधभाव यांचा विचार करताना गोमंतकीयाने ज्या एका पात्राला विसरू नये, ते पात्र महाभारताबाहेरचे आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात आणि हा कोणी जादूगार असावा अशा समजुतीने निघून जातात. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला आणि १८१९ साली पॅरिसमध्ये निवर्तलेला हा धर्मगुरू संमोहनशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून बसला आहे. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला तो पुतळा मला पणजीतील सर्वांत जिवंत पुतळा वाटतो. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्युमा याने हेच नाव उचलून ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या १८४४ ते १८४६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत एक फारिया उभा केला. कादंबरीतील फारिया इटालियन विद्वान आहे, कांदोळीचा नाही. पण नाव आपल्या माणसाचे आहे आणि सूडाविषयी त्या कादंबरीतले सर्वांत शहाणे वाक्य त्याच्याच तोंडी आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक असते. मार्सेयचा तरुण खलाशी एदमाँ दान्तेस याला साखरपुड्याच्या जेवणावरून पकडून नेतात आणि शातो दीफच्या सागरी तुरुंगात तो चौदा वर्षे सडतो. आपल्याला कोणी आणि का अडकवले हे त्याला कळतही नाही. भुयार खणता खणता वाट चुकून त्याच्या कोठडीत पोहोचलेला वृद्ध फारिया चार प्रश्न विचारतो, डाव्या हाताने लिहिलेल्या निनावी पत्राचा माग काढतो आणि गुन्हेगारांची नावे त्याच्यापुढे ठेवतो. तीन इसम, त्यांतला एक न्यायाधिकारी. काही तासांनी दान्तेसचा चेहरा पाहून फारियाला पश्चात्ताप होतो. तुला शोधात मदत केली याचे मला वाईट वाटते, कारण पूर्वी तुझ्या मनात नव्हती ती सूडाची भावना मी तेथे घातली, असे तो म्हणतो. दान्तेस हसतो आणि म्हणतो, आपण दुसरे काही बोलू. पुढची सारी कादंबरी या ‘दुसरे काही बोलू’मधून निघाली आहे. आणि पाहा, फारियाने केले ते काय, तर सत्य सांगितले. त्यात त्याचा दोष तो काय? तरी त्याचे मन त्याला खाते, कारण दिलेल्या ज्ञानाचे ऐकणाऱ्याच्या मनात काय होते याची जबाबदारी तो स्वतःची मानतो. आम्हा शिक्षकीपेशातील माणसांनी हा परिच्छेद जपून ठेवावा.

मुलांसाठी केलेल्या ज्या संक्षिप्त मराठी आवृत्त्या माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत भुयार असते, प्रेताच्या गोणीतून समुद्रात फेकले जाणे असते, खजिना असतो आणि मग एकामागून एक शत्रूंची धूळधाण असते. एदुआर मात्र बहुधा नसतो. एदुआर हा न्यायाधिकारी व्हिलफोरचा लहान मुलगा. तुरुंगातून निसटून काउंट बनलेल्या दान्तेसने रचलेल्या डावात त्याची आई स्वतः विष घेते आणि मुलालाही देते. व्हिलफोर काउंटला हाताला धरून ती दोन प्रेते दाखवतो आणि विचारतो, एदमाँ दान्तेस, झाला का तुझा सूड पुरा? काउंट पांढराफटक पडतो, मुलाला उचलून नेतो, त्याला शुद्धीवर आणण्याचा बराच वेळ प्रयत्न करतो आणि निष्प्राण देह परत आणून आईशेजारी ठेवतो. तोपर्यंत आपण ईश्वराच्या वतीने न्याय करतो आहोत अशी त्याची पक्की समजूत असते; ईश्वर माझ्या बाजूला आहे, असे म्हणण्याची त्याची ताकद येथे संपते. आपली बाजू अजूनही खरी आहे का हे पडताळायला तो पुन्हा शातो दीफला जातो, ही द्युमाची सूक्ष्म कामगिरी आहे. तेथे त्याला फारियाचे हस्तलिखित मिळते, त्याच्या सुरुवातीच्या वचनातून त्याला हवे तसे उत्तरही मिळते, पण शेवटच्या शत्रूपुढे तो उभा राहतो तेव्हा त्याला सोडून देतो, कारण आता आपल्यालाही क्षमेची गरज आहे हे त्याला उमगलेले असते. माझे मत विचाराल तर काउंटची सुटका येथेही पुरती झालेली नाही. तो पैसा वाटतो, दोन प्रेमी जिवांना एकत्र आणतो आणि गलबतात बसून निघून जातो. एदुआरच्या मृत्यूचा जाब कोणापुढे द्यावा लागेल अशी जागाच द्युमाने ठेवलेली नाही. गांधारीपुढे थरथरणारा युधिष्ठिर मला म्हणूनच मोठा वाटतो.

त्या कादंबरीत नैतिक सचोटीचा खरा धनी काउंट नव्हे, तर त्याच्या शत्रूचा मुलगा आल्बेर आहे, आणि त्याच्याकडे वाचकांचे फारसे लक्ष जात नाही. बापाची अब्रू चव्हाट्यावर आणली म्हणून तो काउंटला द्वंद्वाचे आव्हान देतो. रात्री आईकडून सारा वृत्तांत कळल्यावर सकाळी तो मैदानावर येतो आणि साक्षीदारांदेखत सांगतो की, माझ्या बापाने तुमचा जो विश्वासघात केला तो पाहता तुम्हाला हा अधिकार होता. तुम्ही याहून जास्त काही केले नाही याबद्दल आभार. त्या काळातील पॅरिसमध्ये द्वंद्वातून माघार घेणाऱ्याची किती नाचक्की होई, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्याची किंमत कळते. एवढे करून तो थांबत नाही. बापाच्या पापातून आलेले घर, पैसा आणि नाव तिन्ही सोडून, आईचे माहेरचे आडनाव लावून सैन्यात भरती होतो.

याच्या उलट टोकाला शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला राजा क्लॉडियस आहे. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले आणि गणपतराव जोशांनी ते गाजवले. त्यातील हॅम्लेटची चालढकल आपण शाळा-महाविद्यालयांत पुष्कळ चघळतो, पण तिसऱ्या अंकातील राजाच्या प्रार्थनेचा प्रवेश घाईने उरकतो. भावाचा खून करून सिंहासनावर बसलेला राजा गुडघे टेकतो आणि स्वतःलाच विचारतो, ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती सत्ता आणि ती राणी माझ्याकडेच असताना मला क्षमा कशी मिळणार? त्याचे अपराधी मन खरे आहे. बोचणीही खरी आहे. सोडायची तयारी मात्र कशाचीच नाही. मागे तलवार उपसून हॅम्लेट उभा आहे आणि त्याच्या मनात येते की प्रार्थनेत असताना मारला तर हा थेट स्वर्गात जाईल. याला दारूच्या धुंदीत किंवा एखाद्या पापात गाठायला हवा. वडिलांच्या खुनाला न्याय द्यायला निघालेला मुलगा आता शत्रूच्या परलोकाचीही तजवीज करू पाहतो! तो निघून जातो आणि राजा उठून म्हणतो की माझे शब्द वर गेले, मन खालीच राहिले. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती. त्यानंतर थोड्याच वेळात पडद्याआडचा दरबारी पोलोनियस हॅम्लेटच्या हातून मरतो, आणि हॅम्लेट ज्या जागी होता त्याच जागी, बापाच्या खुनाचा सूड घ्यायला, पोलोनियसचा मुलगा लेअर्टिस येऊन उभा राहतो.

आपल्याच भूमीवर रचलेल्या आणि १६१६ साली राशोल येथे छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा उल्लेख केल्याशिवाय हा विषय गोव्यात पुरा होऊ नये. ख्रिस्ताची कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली. त्या कथेत एकाच रात्री दोन शिष्य चुकतात. एकजण तीस नाण्यांसाठी गुरूला पकडून देतो आणि दुसरा, पेत्रू, कोंबडा आरवण्याआधी तीनदा त्याची ओळख नाकारतो. जुदास क्लॉडियसपेक्षा प्रामाणिक आहे, कारण तो नाणी परत नेऊन टाकतो. पण त्या अपराधासह जगणे त्याला झेपत नाही. पेत्रू ओक्साबोक्शी रडतो आणि इतरांमध्ये परत येतो, जे त्याची ती रात्र जाणतात त्यांच्यामध्येच. यातले अवघड काय, हे आपले ख्रिस्ती बांधव दर पवित्र सप्ताहात ऐकत असतात.

हे सारे जुन्या ग्रंथांपुरते असते तर संपादकांना तसदी दिली नसती. ज्या देवळांच्या प्रांगणांत ही आख्याने होतात त्याच देवळांत मानपानावरून पिढ्यान्‌पिढ्या धरलेले डूक आपण पाहतो. पालखीला खांदा कोणी द्यायचा यावरून वाद मामलेदारांपर्यंत जातो, उत्सव बंद पडतो, आणि मूळ अपमान कोणी कोणाचा केला होता हे सांगणारे कोणी हयात नसते. एका भाटातल्या (बागायतीतल्या) आंब्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला नाही अशी घरे प्रत्येक वाड्यावर सापडतील. नाटक पाहून माणसे सुधारतात असा माझा भाबडा समज नाही. पण सूड उगवला की गोष्ट संपली, असे वर्षानुवर्षे पाहत आलेल्या प्रेक्षकाला त्याच्या पुढचेही काही असते हे ठाऊकच नसेल, तर त्याला दोष कसा द्यावा? आपल्या क्रीडापानावरही साध्या फुटबॉल सामन्याच्या बातमीला ‘वचपा काढला’, ‘उट्टे फेडले’ असेच मथळे असतात, हे जाता जाता नम्रपणे सुचवतो.

दशावतारी मंडळ्यांना माझी विनंती अशी आहे की, दुःशासनवधाचे आख्यान जरूर करावे, पिशवीही फोडावी, पण त्याला स्त्रीपर्वातील प्रवेशाची जोड द्यावी. त्यासाठी नवी संहिता लिहून घ्यावी लागणार नाही, कारण आपल्याकडील संवाद तसेही नट आयत्या वेळी रचतात आणि आपले जुने नट या कामात कसलेले आहेत. नवा वेशही लागत नाही. गांधारीच्या डोळ्यांना एक पट्टी पुरते. भीम, युधिष्ठिर आणि श्रीकृष्ण हे त्या रात्रीच्या संचात असतातच, आणि अर्जुनाला तर एकही वाक्य नाही, फक्त कृष्णाच्या पाठीमागे सरकायचे आहे. अर्धा तास जास्त लागेल. दहीहंडी तेवढी उशिरा फुटली तर गावकरी रागावणार नाहीत, निदान आमच्या भागातले तरी नाहीत. हौशी स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थांनी शांतिपर्वाच्या आरंभीचा युधिष्ठिर घेऊन पूर्ण लांबीचे नाटक लिहून पाहावे. एवढे आव्हानात्मक काम एखाद्या तरुण लेखकाला सहज सापडणार नाही.

शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्यांनीही संक्षिप्त आवृत्त्या विकत घेण्यापूर्वी शेवटची पंचवीस-तीस पाने उघडून पाहावीत. माँटे क्रिस्टोच्या पुस्तकात एदुआर आहे की नाही, आणि फारियाचे ते वाक्य ठेवले आहे की खजिन्याचा नकाशा तेवढा ठेवला आहे, एवढे पाहिले तरी पुरे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली